मशीन नको, आधी ऑर्डर द्या

प्रश्न थोडक्यात असा: नाशिक जिल्ह्यातल्या बचत गटांच्या एका प्रभागसंघाने 1,80,000 रुपये जमवले आहेत. त्यातून दिल्लीतल्या अफगाण निर्वासित बायकांना 20 शिलाई मशीन द्यायची आणि तीन महिन्यांचा शिवणवर्ग चालवायचा, असा ठराव झाला आहे. संघाच्या कोषाध्यक्ष ताई विचारतात, हे बरोबर आहे का? पुण्यात राहणाऱ्या अफगाण मुली आणि कुटुंबांसाठी काय करता येईल? आणि ज्या बायका अफगाणिस्तानातच आहेत, त्यांच्यापर्यंत काही पोहोचतं का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतक्या लांबच्या बायकांसाठी तुमच्या गटांनी घरातले पैसे बाजूला काढले, हे वाचून भरून आलं. म्हणूनच आडपडदा न ठेवता सांगते. मशीनचा ठराव पुढच्या सभेत मागे घ्या. पैसे त्याच बायकांवर खर्च करा, पण सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करा.

मी मूळची संगमनेरची. गेली चौदा वर्षं दिल्लीत भोगल आणि लाजपतनगरच्या गल्ल्यांमध्ये अफगाण बायकांबरोबर रोजगाराचं काम करते. पहिल्या दोन वर्षांत आम्हीही मशीनच वाटली. फोटो निघाले, देणगीदार खूश झाले. वर्षभराने घरोघरी जाऊन पाहिलं तर निम्म्याहून जास्त मशीनवर चादर टाकलेली होती. एका घरात त्यावर टीव्ही ठेवला होता. त्या घरची बाई हेरातची, वयाने माझ्या मावशीएवढी. आम्ही सगळ्या तिला खाला जान म्हणतो. तिने मला चहा दिला, सोबत खडीसाखरेसारखी नबातची कांडी दिली आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, "बेटी, सीना तो मुझे मेरी माँ ने सिखाया. सिऊँ किसके लिए?"

माझं सगळं उत्तर त्या एका प्रश्नात आहे.

अफगाण बायकांना हाताचं काम शिकवायची गरज क्वचितच पडते. खय्याती म्हणजे शिवणकाम, गुलदोजी म्हणजे फुलांचं भरतकाम, गालिचा विणणं, सुकामेवा निवडणं, मुरंबे घालणं हे घराघरात होतं. कंदहारकडच्या बायकांचं खमक नावाचं भरतकाम तुम्ही एकदा डोळ्यांनी पाहायला हवं. बारीक रेशमी धागा, भौमितिक नक्षी, आणि कापडावर आखणी काहीच नाही. बाई सुईच्या टोकाने कापडाचे उभे-आडवे धागे मोजत जाते आणि त्या मोजणीतून नक्षी उमटते. पुरुषांच्या कमीजच्या छातीवर आणि शालींवर ते काढतात. जी बाई न आखता धागे मोजून अशी दोन्ही बाजूंनी सारखी नक्षी काढते, तिला तीन महिन्यांच्या वर्गात सरळ टीप मारायला शिकवणं म्हणजे तिचा वेळ खाणं आहे.

मग अडतं कुठे? तीन ठिकाणी. गिऱ्हाईक नाही, पैसे स्वतःच्या नावावर घ्यायची सोय नाही, आणि मोकळा वेळ नाही.

आधी दुसऱ्या अडचणीबद्दल लिहिते, कारण ती बाहेरून दिसत नाही. भारताने 1951 चा निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केलेला नाही आणि 1967 चा पुरवणी करारही नाही. निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. त्यामुळे काबूलहून जीव वाचवून आलेली बाई कायद्याच्या नजरेत परदेशी नागरिक असते, पर्यटकासारखीच. आधी 1946 चा कायदा लागू होता, 1 सप्टेंबर 2025 पासून त्याच्या जागी नवा आला. अफगाण लोकांची नोंदणी संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था, यूएनएचसीआर, दिल्लीत करते आणि ओळखपत्र देते. 2021 साली असे नोंदलेले अफगाण सुमारे 15,500 होते. ते कार्ड फार मोलाचं आहे, पण तो कामाचा परवाना नव्हे. सरकारने दीर्घ मुदतीचा व्हिसा दिला तर खासगी क्षेत्रात नोकरी करता येते. 2011 पासून तशी तरतूद आहे. मात्र तो व्हिसा हातात असलेल्या बायका माझ्या ओळखीत मोजक्याच आहेत.

सगळ्या अफगाण बायका एका पंक्तीत बसत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. पश्चिम दिल्लीत टिळकनगरच्या बाजूला अफगाण शीख आणि हिंदू कुटुंबं आहेत. त्यांच्यातल्या 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्यांना नागरिकत्व कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीखाली अर्ज करता येतो. त्याचे नियम मार्च 2024 मध्ये निघाले. हजारा, ताजिक किंवा पश्तून मुस्लिम बाईला ती वाट नाही. एकाच मशीनवर शेजारी बसून काम करणाऱ्या दोघींचं भविष्य असं वेगवेगळं असू शकतं. त्याचा ताण गटात जाणवतो, आणि तो ताण समजून घेणारी कार्यकर्ती असावी लागते.

कागद नाही म्हणून आधार नाही, आधार नाही म्हणून बँक दारात उभं करत नाही. खातं नाही म्हणून मोबाइलवर पैसे घेता येत नाहीत. भोगलच्या एका गल्लीत मी पाहिलं आहे: बाई बोलानी करून विकायची, गिऱ्हाईक शेजारच्या दुकानदाराचा क्यूआर कोड स्कॅन करायचं, आणि दुकानदार रात्री हिशेब करून शंभरातले पंधरा स्वतःकडे ठेवायचा. कधी "आज नेटवर्क नव्हतं" म्हणायचा. बाईकडे पुरावा काय? काहीच नाही. म्हणून आम्ही मशीन वाटणं थांबवलं आणि आधी वही सुरू केली. उत्पादक गटाचं एक नोंदणीकृत खातं, त्यात ऑर्डरचे पैसे, आणि प्रत्येकीची वेगळी वही. वहीत रक्कम दारी या त्यांच्या अफगाण भाषेत आणि हिंदीत, समोर तिची सही. हे मी तुम्हाला काय सांगणार? तुमचे गट ही वही किती वर्षं लिहीत आहेत. खरं तर या बायकांना देण्यासारखी तुमच्याकडे असलेली सर्वात मोठी गोष्ट तीच आहे.

आपल्याकडे 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्या बायकांना स्वयंपाक शिकवायचा नव्हता. पन्नास गिरणी कामगारांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या त्या. त्यांना सावकाराच्या आणि वाण्याच्या उधारीतून सोडवून बँकेच्या दारात नेणं, एवढंच हवं होतं. कोणी मला अफगाण बायकांसाठी काय करायचं असं विचारलं की मला आधी त्या खानावळी आठवतात.

आता गिऱ्हाइकाबद्दल. ऑर्डर नुसती मिळून चालत नाही, दर नीट लावावा लागतो, आणि इथे चांगली माणसंही चुकतात. एका शाळेच्या कार्यक्रमासाठी शंभर बोलानींची ऑर्डर आली होती. बोलानी म्हणजे पातळ लाटलेली, आत बटाटा किंवा गंदना ही पातीची भाजी भरून अर्धी दुमडलेली आणि तव्यावर तेल सोडून भाजलेली पोळी. दिल्लीत गंदना सहज मिळत नाही, म्हणून आमच्या बायका पातीचा कांदा घालतात. दोघींनी मिळून दर सांगितला 15 रुपयाला एक. शेजारी समोसा 15 ला मिळतो, मग आपण जास्त कसं मागायचं, हा त्यांचा विचार. मी त्यांच्यासोबत खाली सतरंजीवर बसले आणि खर्च लिहायला लावला. मैदा 240, बटाटे 150, पातीचा कांदा, कोथिंबीर, मिरची 200, तेल 300, गॅस 120, कागद आणि खोके 150, रिक्षा 200. एकूण 1,360. हातात येणार 1,500. म्हणजे दोघींनी पहाटे चारपासून दुपारी एकपर्यंत राबून दोघींत मिळून 140 रुपये. धाकटी बोटांवर परत परत मोजत राहिली. मग थोरली म्हणाली, "म्हणजे काबूलमध्ये माझ्या घरी पाहुण्यांना वाढायचे तशीच मी इथे वाढत होते."

आम्ही दर 30 लावला. शाळेने एका शब्दाने घासाघीस केली नाही. त्या दिवशी दोघींना प्रत्येकी 820 रुपये मिळाले. दर ठरवायला शिकवणं हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं प्रशिक्षण आहे आणि ते वर्गात होत नाही. खऱ्या ऑर्डरच्या आदल्या रात्री, खऱ्या आकड्यांवर होतं.

खाण्याच्या कामाचा दिल्लीत चांगला अनुभव आहे. यूएनएचसीआरच्या मदतीने अफगाण बायकांचा इल्हाम नावाचा केटरिंगचा गट उभा राहिला. त्यांचे मंतू, आशक, काबुली पुलाव लोक मागून घेतात. मंतू आपल्या उकडीच्या मोदकाचा दूरचा भाऊ म्हणा: पातळ पारी, आत कांदा-खिमा, वाफेवर शिजवायचं आणि वर लसूण घातलेलं दही, डाळीची उसळ आणि सुकलेला पुदिना. दहा जणी सकाळी एकत्र बसून मंतू वळतात तेव्हा त्या घरात जे बोलणं चालतं ते कुठल्याही समुपदेशनाच्या खोलीत मी ऐकलेलं नाही. शिवणाच्या बाजूला सिलाईवाली हे उदाहरण पाहा. 2018 मध्ये दिल्लीत सुरू झालेला हा उद्योग. कपड्यांच्या कारखान्यांतून वाया जाणाऱ्या चिंध्यांपासून अफगाण निर्वासित बायका हाताने बाहुल्या करतात, आणि यूएनएचसीआरच्या मेड फिफ्टीवन या उपक्रमातून त्या परदेशी बाजारातही जातात. त्या नावातला 51 हा आकडा 1951 च्या करारातून आलेला आहे. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. बाजार कुठला, हे आधी ठरलं, आणि कौशल्य त्या मापाने घासलं गेलं.

घासावं मात्र लागतं. आमची एक ऑर्डर अशीच अंगाशी आली होती. साठ उशांचे अभ्रे, कोपऱ्यात भरतकाम. बायकांनी जीव ओतून केले. घेणाऱ्या दुकानाने बावीस परत पाठवले. नक्षी उत्तम होती, पण धाग्याच्या लडी दोन वेगवेगळ्या लॉटच्या होत्या आणि उन्हात धरलं की लाल रंगाच्या दोन छटा दिसत होत्या. घरात बाईला ते दिसलंच नव्हतं, कारण तिची खोली तळघरात, ट्यूबलाइटखाली. दुकानाने उरलेल्याचे पैसेही चार महिने अडकवले. त्या बावीस अभ्र्यांची मजुरी आम्ही आमच्या राखीव रकमेतून दिली. ती रक्कम नसती तर त्या बायका पुन्हा आमच्याकडे आल्या नसत्या, आणि ते बरोबरच झालं असतं. तेव्हापासून नियम आहे: एका ऑर्डरचा धागा एकाच वेळी घ्यायचा, पहिले पाच नग उजेडात तपासायचे, आणि निम्मे पैसे आगाऊ आल्याशिवाय कापड कापायचं नाही.

तिसरी अडचण वेळेची. यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण देणगीदारांच्या अर्जात याला रकानाच नसतो.

अफगाण घरातली बाई सकाळी मुलांना शाळेत सोडते, दुपारी सासूला दवाखान्यात नेते, तिथे रांगेत तीन तास. भाषा येणारा मुलगा घरात एकच असतो, त्यामुळे डॉक्टरकडे, पोलिसांकडे, घरमालकाकडे, सगळीकडे तोच दुभाषा. बारा वर्षांचा पोरगा आईचं दुखणं डॉक्टरला समजावून सांगतो, याचा विचार करा. तिला कामाला बसवायचं असेल तर आधी मुलं सांभाळायला कोणी हवं. आम्ही कामाच्या खोलीशेजारी छोटी खोली भाड्याने घेतली आणि गटातल्याच एकीला पगारावर मुलांकडे ठेवलं. त्या महिन्यापासून हजेरी दुप्पट झाली. मशीन तेवढीच होती.

आणि नवऱ्याला वगळून पुढे जाऊ नका. तिकडे कोणी सरकारी कचेरीत अधिकारी होता, कोणी दुकान चालवायचा, कोणी शिक्षक. इथे तो दिवसभर घरात बसून भिंतीकडे बघतो. आता बायको कमावते आणि तो नाही, ही ठेच त्याला रोज लागते. मी असे पुरुष पाहिले आहेत ज्यांनी पहिल्या पगाराच्या दिवशी बायकोचं काम बंद केलं. नंतर आम्ही काम सुरू होण्याआधी घरी जाऊन दोघांसोबत चहा घ्यायला लागलो. पैसे तिच्या वहीत जातील हे त्याच्यासमोर सांगायचं. माल पोहोचवणं, कापड आणणं अशी कामं ज्याला हवी त्याला मजुरीवर द्यायची. सगळे बदलले असं मी म्हणणार नाही. पण ठिणगी पडण्याआधी बोलणं झालेलं असतं.

माझ्या हातून झालेली एक चूक इथे लिहायलाच हवी. ऑगस्ट 2021 मध्ये तिकडे तालिबानची सत्ता आल्यानंतर दिल्लीत आलेल्या बायका वेगळ्या होत्या. त्यांच्यात दाया होत्या, बँकेत काम केलेल्या होत्या, शिक्षिका होत्या. आम्ही सगळ्यांना शिवणाला बसवलं, कारण आमच्याकडे शिवणाचीच योजना होती. अकरा वर्षं गणित शिकवलेली एक बाई सहा आठवडे माझ्यासमोर बटणं लावत होती. ती कधी काही बोलली नाही. एके दिवशी तिने कापडाच्या कपातीचा आराखडा असा बदलला की एका थानातून चार पिशव्या जास्त निघायला लागल्या. तेव्हा मला लाज वाटली. आज ती आमचा सगळा खर्च आणि साठा बघते. दिल्लीच्या मोठ्या रुग्णालयांत अफगाण रुग्ण येतात. त्यांना दारी-पश्तो समजणारी बाई सोबत लागते, विशेषतः स्त्रीरोगाच्या विभागात. दायांना आम्ही तिकडे वळवलं. 2021 नंतर रुग्णांची संख्या घटली तरी ते काम पूर्ण थांबलं नाही. तुम्ही गट निवडाल तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: "तिकडे तू काय करायचीस?" शिवता येतं का, हा प्रश्न त्यानंतरचा.

आणि फोटो. तुमच्या वार्षिक अहवालासाठी हसऱ्या बायकांचे फोटो लागतील, मला कल्पना आहे. चेहरा दिसेल असा एकही फोटो काढू नका, नाव आणि गाव छापू नका. तिचा भाऊ, आई, पुतणी तिकडेच आहेत. मोबाइलवरचा फोटो कुठवर जातो याचा नेम नाही. हातांचे फोटो काढा, कापडाचे काढा.

पुण्याचं थोडक्यात सांगते, कारण तिथला प्रश्नच निराळा आहे. पुण्यातले बहुतेक अफगाण शिकायला आलेले आहेत, कित्येक भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर. 2021 नंतर त्यांच्यातल्या मुलींना परतणं अशक्य झालं. पण विद्यार्थी व्हिसावर भारतात नोकरी करता येत नाही. तुम्ही चांगल्या मनाने एखाद्या मुलीला कामावर ठेवाल आणि तिचा व्हिसा धोक्यात येईल. तेव्हा पुण्यात रोजगार नको. तिथे मदत करायची ती फी, खोलीचं भाडं, आणि कागदपत्रं. परदेशी नागरिकाला खोली देणाऱ्या घरमालकाने 24 तासांत तिच्या राहण्याची माहिती देणारा फॉर्म भरायचा असतो, आधी त्याला सी फॉर्म म्हणत. ते माहीत नसल्याने किंवा झंझट नको म्हणून मालक सरळ नाही म्हणतात. तुमच्या ओळखीच्या दोन-चार घरमालकांना हा फॉर्म भरायला शिकवलंत आणि पोलिसांच्या विदेशी नोंदणी विभागात मुलीसोबत एक मराठी बोलणारी बाई गेली, तर त्या मुलीचे अर्धे हेलपाटे वाचतील. याला पैसा फार लागत नाही.

आता तिसरा प्रश्न, अफगाणिस्तानातल्या बायकांचा. हा लिहिताना हात जड होतो. 15 ऑगस्ट 2021 ला काबूल तालिबानच्या हाती पडलं. त्याच डिसेंबरात नियम आला की 72 किलोमीटरहून लांब जायचं तर बाईसोबत मेहरम, म्हणजे जवळचा पुरुष नातेवाईक, हवा. मार्च 2022 मध्ये मोठ्या मुलींच्या शाळा उघडायच्या दिवशीच बंद झाल्या. डिसेंबर 2022 मध्ये विद्यापीठं बंद, चार दिवसांनी सेवाभावी संस्थांमध्ये काम करायलाही बंदी. जुलै 2023 मध्ये ब्युटी पार्लर बंद केली. तिथल्या व्यापारी संघटनेच्या अंदाजाने त्यात साठ हजार बायकांचा रोजगार गेला. डिसेंबर 2024 मध्ये दाया आणि परिचारिकांचं शिक्षण थांबवलं. ज्या देशात बाईने बाईलाच तपासावं असा आग्रह आहे, तिथे.

तरीही काम पूर्ण मेलेलं नाही. ते घरात शिरलं आहे. गालिचे घरातच विणले जातात. हेरातमध्ये ऑक्टोबरच्या अखेरीस केशराची फुलं पहाटे, ऊन चढण्याआधी खुडतात आणि त्याच दिवशी बायका घोळक्याने बसून एकेका फुलातले लाल तंतू वेगळे करतात. किलोभर केशराला सुमारे दीड लाख फुलं लागतात. घरगुती शिवण, भरतकाम, मुरंबे, हे चालू आहे. अडचण अशी की बाई आणि बाजार यांच्यामध्ये नेहमी कोणीतरी पुरुष व्यापारी असतो आणि तिला विक्रीचा दर कळत नाही. हे आजचंही नाही. युद्धाच्या काळात अफगाण बायकांनी विणलेले गालिचे पेशावर-लाहोरला धुतले, कापले जायचे आणि पाकिस्तानी म्हणून विकले जायचे. विणणारीचं नाव तेव्हाही कुठे नव्हतं.

भारतातून यात हात घातला गेलेला आहे. 2008 च्या सुमारास अहमदाबादच्या ‘सेवा’ (SEWA) या कष्टकरी बायकांच्या संघटनेने भारत सरकारच्या मदतीने काबूलमधल्या बाग-ए-झनाना या बायकांच्या बागेत युद्धात नवरा गमावलेल्या बायकांसाठी केंद्र चालवलं. शिवण, रोपवाटिका, अन्नप्रक्रिया, आणि त्याच्या जोडीने विक्री. विक्री अभ्यासक्रमात होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आज मात्र तुमच्यासारख्या गटाने थेट पैसे पाठवायचा प्रयत्न करू नये. बँकांचे व्यवहार अडलेले आहेत, पैसा हवालाने फिरतो, आणि परदेशातून कोणी पैसे पाठवतंय ही बातमी एखाद्या बाईला महागात पडू शकते. ऑनलाइन कामाचाही भरवसा धरू नका. सप्टेंबर 2025 च्या अखेरीस तिथलं इंटरनेट दोन दिवस देशभर बंद होतं. पण दिल्लीतली बाई जे कमावते त्यातला वाटा ती तिकडे बहिणीला पाठवते, तिच्या ओळखीच्या मार्गाने, तिच्या जबाबदारीवर. खाला जान दर महिन्याला पाठवते. त्यावर तिच्या दोन भाच्यांचं घर चालतं. इकडच्या बाईच्या हातात पैसा येणं हाच तिकडे पोहोचण्याचा आज मला दिसणारा खात्रीचा रस्ता आहे.

तर 1,80,000 चं काय करायचं. तुम्ही प्रश्नात ओझरतं लिहिलं आहे की दर दिवाळीला तुमचे गट 600 फराळाचे डबे विकतात आणि त्यासाठी पिशव्या बाजारातून घेतात. माझी नजर त्याच ओळीवर अडकली. त्या 600 पिशव्या आमच्या गटाला करायला द्या. जाड सुती कापड, बंद मजबूत, एका कोपऱ्यात हाताने काढलेलं छोटं फूल. कापड 30, मजुरी 60, धागा, तपासणी, वाहतूक मिळून 20, म्हणजे नग 110 ला पडेल. 600 चे 66,000, त्यातले 33,000 आगाऊ. हे पैसे फराळाच्या किमतीतून तुमच्याकडे परत येतील आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा तीच ऑर्डर देता येईल. मशीनला घातलेले पैसे एकदाच जातात.

उरले 1,14,000. मुलांच्या खोलीचं भाडं आणि सांभाळणारीचा पगार महिना 8,000 धरून सहा महिन्यांचे 48,000. कच्च्या मालासाठी फिरता निधी 30,000, जो प्रत्येक ऑर्डरनंतर भरून निघायचा. सगळ्यांत मिळून कापडाच्या कडा शिवणारं एक ओव्हरलॉक मशीन आणि इस्त्रीचं टेबल, 20,000 च्या आत. शेवटचे 16,000 हात न लावता ठेवा. कोणाचे नग परत आले, कोणी आजारी पडलं, कोणाच्या घरमालकाने एका आठवड्यात खोली सोडायला सांगितली, की ते लागतात. आणि लागतातच. पैसे कोणा एकीला हातात देऊ नका. दिल्लीतल्या नोंदणीकृत संस्थेच्या खात्यावर, बिलावर, पावतीवर द्या. प्रत्येकीच्या वहीची प्रत मागा. तो तुमचा हक्क आहे आणि त्या बायकांनाही कोणी हिशेब बघतंय याचा आधार वाटतो.

जमलं तर तुमच्यातल्या दोघी एकदा दिल्लीला या. भाषण द्यायला नको. चार दिवस सोबत बसा, वही कशी लिहितात, थकबाकी कशी मागतात, सभेत ठराव कसा मांडतात हे त्यांना दाखवा. आमच्या बायकांना हिंदी बऱ्यापैकी कळते. आणि येताना थालीपीठाची भाजणी आणा. मागच्या वर्षी मी नेली होती, त्यांनी त्यात पातीचा कांदा घालून बोलानीसारखं दुमडलं आणि आता ती मागतात.

ऑर्डर द्यायची ठरली तर आषाढ संपायच्या आत कळवा. मोहरमचे पहिले दहा दिवस, रमजान, ईद या काळात हात कमी असतात, आणि हाताचं भरतकाम घाईत केलं की दिसतं. आधी 50 नगांचा नमुना पाठवू, तुम्ही उजेडात तपासून घ्या, मग बाकीचे. डबा गोल आहे की चौकोनी आणि त्याची उंची किती, हे मोजून लिहा. पिशवीच्या तळाला चार इंची पट्टी लावायची की नाही, ते त्यावर ठरेल.